ट्रॉलीतल्या बायांचं काय?

माझा भाचा अमेरिकेत असतो. मागच्या वर्षी त्याने एक पिकअप गाडी घेतली आणि तिच्यामागे ओढत न्यायचं एक छोटंसं चाकांवरचं घर. आत पलंग, गॅस, बेसिन, एवढंसं संडास-बाथरूमसुद्धा! सुटी आली की घर गाडीला जोडायचं आणि निघायचं डोंगरात. व्हिडिओ कॉलवर त्याने सगळं फिरवून फिरवून दाखवलं. मी आपलं सहज म्हटलं, "मग काय, पोरं मस्त मागे झोपून जात असतील!" तर म्हणतो, "नाही मावशी, गाडी चालू असताना आत कुणी बसायचं नाही. इकडच्या बऱ्याच राज्यांत कायद्यानेच बंदी आहे. माणसं सगळी पुढे, पट्टा लावून. मागे फक्त सामान."

पलंग असलेल्या घरात बसायला बंदी! आणि आपल्याकडे?

आमची शेती मूर्तिजापूर तालुक्यात, राहणं अमरावतीला. दसरा-दिवाळी झाली की कापूस वेचायला बाया लागतात. गावात मिळाल्या तर ठीक, नाही तर शेजारच्या गावावरून आणाव्या लागतात. आणायच्या कशा? ट्रॅक्टर-ट्रॉलीने. सकाळी पंधरा-वीस बाया डब्यासह ट्रॉलीत चढतात, कुणाच्या कडेवर लेकरू असतं. संध्याकाळी कापसाच्या गाठोड्यांवर बसून परत येतात. लहानपणापासून हे बघत आले. त्यात बघण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नाही, खरं सांगते.

भाच्याने त्या दिवशी आणखीही बरंच सांगितलं. त्याचं ते घर दीड टनाच्या आसपास. त्यातला शेकडा दहा ते पंधरा भार पुढे, जोडावर यायला हवा. मागच्या टोकाला वजन जास्त झालं, की वेगात ते शेपटीसारखं डोलायला लागतं आणि ओढणाऱ्या गाडीलाही घेऊन जातं. जोडाखाली दोन साखळ्या एकमेकींवरून आडव्या टाकलेल्या असतात. जोड निखळला तर दांडी रस्त्यात न रुतता त्या साखळ्यांच्या झोळीत पडावी म्हणून! साखळ्याही तुटल्याच तर एक तार ओढली जाते आणि मागच्या घराचे ब्रेक आपोआप लागतात. एवढं सगळं कशासाठी? तर पलंग आणि गॅससाठी. आत माणूस नाहीच.

मग पुढच्या खेपेला शेतावर गेले तेव्हा मुद्दाम वाकून आमच्या ट्रॉलीचा जोड बघितला. साखळी नाहीच. पिनेच्या जागी सलाखेचा तुकडा, तोही क्लिपशिवाय. ड्रायव्हरला विचारलं तर हसला. "वहिनी, पिन हरपली. हे सलाख बसते ना बराबर, काई होत नाई!" वीस बायांचा जीव त्या वीतभर सलाखेवर, आणि मालकीण मी.

ट्रॅक्टरची आणखी एक गंमत आमच्या ह्यांनी सांगितली. गंमत कसली म्हणा! त्याला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात. शेतात वळताना एकाच बाजूचा दाबायचा म्हणून ते सुटे ठेवतात. रस्त्यावर आलं की दोन्ही पायटे एकत्र अडकवायचे असतात, पण ते करतो कोण? घाईत एकच दाबला गेला की ट्रॅक्टर एका अंगाला फिरतो आणि मागची भरलेली ट्रॉली त्याला ढकलत राहते, कारण तिला स्वतःचे ब्रेक बहुधा नसतातच. वर कापसाचा ढीग. कापूस हलका खरा, पण उंच रचला आणि त्यावर बाया बसल्या, की सगळा तोल वर जातो. पांदणीतला एक खड्डा पुरे.

आणि पांदणीतून बाहेर आलं की काय? आपला अमरावती-अकोला महामार्ग! २०२२ च्या जूनमध्ये याच रस्त्याचा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात नाव नोंदवलं गेलं, आपल्या लोणी ते माना या भागात. किती कौतुक झालं तेव्हा! रस्ता छानच आहे, मी दर आठवड्याला त्यावरून जाते. पण त्या गुळगुळीत रस्त्यावर ट्रक सुसाट येतात आणि मधे पंचवीस-तीसच्या वेगाने आमची ट्रॉली, मागे दिवा नाही, चमकणारी पट्टीसुद्धा नाही. हिवाळ्यात सहाला अंधार होतो, बाया परतायची वेळ तीच.

४ एप्रिल २०२५ ची बातमी तुम्हाला आठवत असेल. हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या बाया मजुरीला निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. सात जणी गेल्या. आपण दोन दिवस हळहळलो. त्याआधी १ ऑक्टोबर २०२२ ला कानपूरकडे घाटमपूरजवळ देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटली, २६ जण गेले, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. ट्रॉली मालासाठी आहे, माणसांसाठी नाही, असं तिथल्या सरकारने तेव्हा बजावलं. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच राज्यात कासगंजला गंगास्नानाला निघालेली ट्रॉली तळ्यात गेली, वीसहून जास्त माणसं गेली. नुसतं बजावून काय होतं ते यावरून समजा.

आता कागदाचं बघा. ट्रॅक्टरच्या आरसी बुकावर बसायची जागा एक, ड्रायव्हरची. ट्रॉलीत बसलेली बाई त्या कागदावर कुठेच नाही. २००७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे ट्रॉलीतून जाताना जखमी झालेल्या एका मजुराचं प्रकरण आलं होतं. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता, ट्रॉलीचा नव्हताच. विमा कंपनीवर जबाबदारी येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मजूर गरीब म्हणून कंपनीने आधी त्याला पैसे द्यावेत आणि मग ट्रॅक्टरमालकाकडून वसूल करावेत, असा मार्ग काढला. म्हणजे शेवटी मालकावरच आलं! आपल्या राज्यात शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे, मृत्यू झाला तर दोन लाख मिळतात. पण ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. वेचणीला येणाऱ्या भूमिहीन बाईचं नाव कुठल्या सातबारावर असणार?

मैत्रिणींनो, हे मी त्या बायांसाठी लिहीत नाहीये. "ट्रॉलीत बसू नका गं" असं त्यांना सांगणं सोपं आहे आणि बिनकामाचंही. मी लिहिते आहे तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी. अमरावती, अकोला, अकोट, दर्यापूर... आपल्यातल्या कितीतरी जणी राहतात गावात आणि शेत आहे खेड्यावर. ट्रॉली पाठवणारे आपणच आहोत. मजुरी किती द्यायची यावर घरात तासन्‌तास बोलणं होतं. बाया येतील कशा, यावर पाच मिनिटं तरी होतं का?

आमच्याकडे पंधरा वर्षं वेचायला येणाऱ्या एका मावशींना मी म्हटलं, रस्त्यापर्यंत ऑटोने या, पुढे पांदणीने चालत गेलात तर? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मलाच लाज वाटली. "बाई, पायी गेलो त अर्धा घंटा जाते. अर्ध्या घंट्यात दोन-तीन किलो कापूस होते. थ्याचे पैसे कोन देते आमाले?" वेचाई किलोवर. म्हणजे येण्या-जाण्याचा वेळ बाईच्या खात्यावर, मग ती ट्रॉलीतच बसणार ना? एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, फार चांगलं झालं. पण एसटी काही पांदणीत जात नाही.

तेव्हा मला वाटतं, बाया आणायला माणसांचीच गाडी करावी. काळी-पिवळी म्हणा, ऑटो म्हणा, आणि चालायचा वेळ मजुरीत धरावा. पाऊस झाला की काळ्या मातीत ट्रॅक्टरशिवाय दुसरं चाक चालत नाही, हे मलाही कळतं. त्या दिवशी निदान कापूस आणि बाया एका खेपेत नकोत. दांडीवर, मडगार्डवर कुणी बसू नये. पायटे अडकवलेले हवेत आणि मागे चमकणारी पट्टी. लग्नाच्या वऱ्हाडाला आणि बहिरमच्या यात्रेला ट्रॉली सजवून देणाऱ्यांनाही हेच सांगेन, तिथे तर चिखलाचीसुद्धा सबब नाही.

घरी हा विषय काढला तर हे म्हणाले, "कापसाला भाव काय मिळतो माहीत आहे ना? गाडीचं भाडं कुणाच्या खिशातून?" मी म्हटलं, ट्रॉलीचं डिझेल कुणाच्या खिशातून जातं? हिशेब मांडायला बसलो तर तो मिटला नाही, दोन दिवस घरात अबोलाच होता. पिन मात्र तिसऱ्या दिवशी आली, क्लिपसकट. साखळी अजून यायची आहे.