कपाटातलं लूव्र

लासुर्ण्यातल्या बहुतेक घरांत एक तरी चित्र असतंच. कमळावर उभी लक्ष्मी, नाहीतर वीणा घेऊन बसलेली सरस्वती. खाली किराणा किंवा खताच्या दुकानदाराचं नाव आणि तारखांचे चौकोन. या देवींचं कूळ शोधत गेलं की आपण राजा रविवर्म्याच्या छापखान्यापाशी पोचतो. १८९४ साली मुंबईत निघालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हललेला हा छापखाना. राजवाड्यात टांगायचं चित्र त्याने माजघरात आणलं. जाणकारांनी पुढे त्या रंगांना नाकं मुरडली. पण आमच्याकडे चित्र म्हणजे छापलेलं चित्र. मूळ चित्र पुण्या-मुंबईला, किंवा त्याहून लांब. त्यामुळे छपाईला नावं ठेवण्याची चैन आम्हाला परवडत नाही.

मी लूव्र प्रथम पाहिलं ते एका वाचनालयाच्या काचेच्या कपाटात. कोणतं ते सांगत नाही; अशी कपाटं अनेक ठिकाणी आहेत. जाडजूड इंग्रजी पुस्तक, कण्यावर सोनेरी अक्षरं. किल्ली ग्रंथपालांकडे आणि ग्रंथपाल बहुधा बाहेर. दोन वर्षं मी त्या पुस्तकाची नुसती पाठ वाचली. अखेर ते मिळालं, तेव्हा आधी हात धुऊन यायला सांगण्यात आलं. ते मात्र योग्यच होतं.

त्यात मोनालिसा होती आणि काही पानं उलटल्यावर दाविदने काढलेलं नेपोलियनच्या राज्याभिषेकाचं चित्र. दोन्ही माझ्या दोन वितींत मावणारी. मी दोन्ही सारखीच समजून चाललो. वास्तविक मोनालिसा ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ रुंद आहे. राज्याभिषेकाचं चित्र सहा मीटरहून उंच आणि जवळजवळ दहा मीटर रुंद. आमच्या शाळेच्या कोणत्याही वर्गात ते उभं राहणार नाही. पुस्तक सगळ्या चित्रांना एकाच मापाचे कपडे घालतं. मापं दिलेली असतात, पण शेवटच्या यादीत, बारीक टायपात. रंगांची गोष्ट तर विचारूच नका. एकाच चित्राच्या दोन पुस्तकांतल्या प्रती शेजारी ठेवा. एकीतलं आभाळ सकाळचं असतं, दुसरीतलं दुपारचं.

तरी पुस्तकाचं ऋण मोठं आहे, आणि त्याचा दाखला आपल्याच अजिंठ्यात आहे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं गुंफांत बसून केलेल्या चित्रांच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. मग १८७२ पासून जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन नव्याने नकला केल्या. त्या लंडनच्या संग्रहालयाकडे गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्याही पुष्कळ नष्ट झाल्या. ग्रिफिथ्स यांचे दोन मोठे ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाले. भिंतीवरचे रंग झिजत होते, नकला जळत होत्या. कागद तेवढा टिकला. पुस्तक म्हणजे संग्रहालयात जाऊन आल्याची आठवण, असं समजणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा.

औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींना हे उमगलं होतं. राजा स्वतः चित्रकार. १९१६ मध्ये त्यांनी चित्ररामायण पुस्तकरूपाने काढलं आणि औंधच्या टेकडीवर श्रीभवानी संग्रहालय उभं राहिलं ते १९३८ मध्ये. म्हणजे पुस्तक आधी, भिंत मागाहून. भांडारकर संस्थेच्या महाभारतासाठी त्यांनी एक लाख रुपये देऊ केले, तेही सचित्र आवृत्ती व्हावी म्हणून. त्यांच्या संग्रहालयात रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, हेन्री मूरचं शिल्पही आहे. लासुर्ण्याहून बारामती, फलटण, दहिवडी, वडूज करत तिथे जाता येतं. पण एसटी बदलत मुलांना घेऊन कोण किती वेळा जाणार?

म्हणून माझं म्हणणं असं, की औंधच्या संग्रहाची आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या टाटांच्या चित्रसंग्रहाची साधी मराठी पुस्तकं गावोगावच्या वाचनालयांत असावीत. पन्नास चित्रं पुरेत. सोनेरी कणा नको, जाड वेष्टण नको. प्रत्येक चित्राखाली ठळक अक्षरांत माप, आणि शेजारी त्याच प्रमाणात काढलेली माणसाची छोटी आकृती. रंगीत छपाई महाग, ही सबब ऐकायची माझी तयारी नाही. बालभारती रंगीत पाठ्यपुस्तकं लाखोंनी छापते आणि ती वाड्यावस्त्यांवर पोचतात. आणि पुस्तक टेबलावर उघडं असावं. चार पानं मळली तर मळू द्यावीत. न मळलेलं पुस्तक ही वाचनालयाची शोभा नव्हे.

आता मोबाइलवर सगळं दिसतं, असं कोणी म्हणेल. दिसतं, हे खरं. पण तिथे राज्याभिषेक तळहाताएवढा होतो आणि अंगठा हलला की पुढचं काहीतरी येतं. पुस्तकाचं पान आपण उलटेपर्यंत थांबतं. अर्थात या नव्या सोयीचा उपयोग मी नाकारत नाही. ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियमने आपली चित्रं मोठ्या आकारात, फुकट उतरवून घेण्यासाठी खुली केली आहेत. रेम्ब्राँटचं तिथलं ‘नाइट वॉच’ सुमारे ३.८ मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद आहे. आमच्या मापात साडेबारा फूट बाय पंधरा फूट. या मापाचे फ्लेक्स पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला रस्त्यारस्त्यावर लागतात. छापणारे बारामतीत आहेत, बांबू गावात आहेत. एखाद्या वाढदिवसाचा एक फ्लेक्स कमी करून तेवढ्या पैशात हे चित्र छापावं आणि शाळेच्या मैदानात उभं करावं. समोर टेबलावर तेच चित्र असलेलं पुस्तक उघडं ठेवावं. चौथीतल्या पोराने आधी पानावर बोट ठेवावं, मग मान वर करून पाहावं.