मालकी घराची, मुक्काम मोजका

ब्रिटनमधील मध्यमवर्गाने गेल्या चार-साडेचार दशकांत एक हौस मनापासून जोपासली. फ्रान्समधील एखाद्या आडगावी जुने दगडी घर विकत घ्यावयाचे आणि सुटी लागताच मोटारीत सामान भरून तिकडे निघावयाचे. ही केवळ लक्षाधीशांची चैन आहे, असे समजण्याचे कारण नाही. निवृत्त शिक्षक, बँकेतील अधिकारी, नगरपालिकेतील कर्मचारी यांचाही या घरमालकांत भरणा आहे. ऑक्टोबर १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने परकीय चलनावरील निर्बंध उठविले; तोवर परदेशात घर घेण्यासाठी पौंड बाहेर नेणे हेच मोठे दिव्य होते. पुढे १९९४ मध्ये इंग्लिश खाडीखालचा बोगदा खुला झाला आणि मोटारीसह पैलतीर गाठणे हे पस्तीस मिनिटांचे काम झाले. लंडनमध्ये जेवढ्या पैशांत धड एक खोली मिळणार नाही, तेवढ्यात दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात अंगण आणि अक्रोडाची झाडे असलेले घर मिळू लागले. मग हौस वाढली नसती तरच नवल!

मोटारीचा प्रवास हा या हौसेचा अर्धा भाग होय. कॅले बंदरापासून दोर्दोन्यपर्यंतचे अंतर सुमारे आठशे किलोमीटर. ब्रिटिश मोटारीचे चाक उजव्या हाताला आणि फ्रान्सची वाहतूकही रस्त्याच्या उजव्या बाजूने. त्यामुळे टोलनाक्यावर पैसे भरण्याचे काम बहुधा शेजारी बसलेल्या सहचरीकडे येते. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत म्हणून दिव्यांच्या काचांवर पट्ट्या चिकटवाव्या लागतात, चकाकणारी जाकिटे आणि धोक्याचा त्रिकोण जवळ बाळगावा लागतो. हमरस्त्यावर ताशी १३० किलोमीटरची मुभा, पाऊस लागला की ११० ची. एवढा खटाटोप करून मोटारच न्यावयाची ती एवढ्यासाठी की, गळके छप्पर, किडलेल्या तुळया आणि रंग उडालेली दारे असलेले घर विमानातील पिशवीवर उभे राहत नाही. हत्यारे, रंगाचे डबे, जुन्या खुर्च्या असे सारे मोटारीतूनच जाते. शिवाय गावाला बसगाडी असतेच असे नाही.

ही घडी १ जानेवारी २०२१ पासून विस्कटली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले होते ३१ जानेवारी २०२० रोजी. संक्रमणाचा काळ त्या वर्षाअखेर संपला आणि ब्रिटिश नागरिक शेंगेन देशांच्या दृष्टीने परका ठरला. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, त्याहून अधिक मुक्काम नाही. पूर्वी एप्रिलमध्ये जाऊन सप्टेंबरअखेर परतणारे निवृत्त जोडपे आता दिनदर्शिका पुढ्यात घेऊन बेरीज-वजाबाकी करीत बसते. मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत नेण्यास मनाई असल्याने घरचे चीजही डोव्हरच्या अलीकडेच सोडावे लागते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पूर्वी शिक्के मोजण्यात एखाद्या अधिकाऱ्याची नजरचूक होण्याची आशा असे. यंत्राकडून ती बाळगता येत नाही.

घरमालकांची तक्रार अशी की, घर आमचे, कर आम्ही भरतो, मग आमच्याच घरात राहण्यास बंदी का? ब्रिटन युरोपीय पाहुण्याला सहा महिने राहू देते, मग फ्रान्सने तीनच का द्यावेत? यातील दुसरा मुद्दा वाजवी आहे. पहिला मात्र तपासून पाहावयास हवा. मुळात हा ९० दिवसांचा नियम ब्रिटिशांना शिक्षा म्हणून घडविलेला नाही. मुंबईत शेंगेन व्हिसासाठी कागदांचे भेंडोळे घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या भारतीयालाही तोच लागू आहे, आणि त्याला तर आधी व्हिसाही मिळवावा लागतो. घराची मालकी हा व्यवहार विकणारा आणि घेणारा या दोघांमधला असतो. देशात राहण्याचा अधिकार मात्र तो देश आणि येणारा यांच्यामधला. युरोपीय समुदायाच्या सदस्यत्वामुळे ब्रिटिश माणसाला हे दोन्ही अधिकार एकत्र मिळाले होते, म्हणून ते एकच आहेत असा त्याचा समज झाला. भारताने तर त्याही पुढचे पाऊल टाकले आहे: केवळ पर्यटक म्हणून आलेल्या परकीय नागरिकाला येथे घर विकत घेता येत नाही, मग गोव्याचा किनारा त्याला कितीही आवडलेला असो.

आता गावाच्या बाजूने पाहू. वर्षातील चाळीस आठवडे ज्या घराची दारे बंद, ते घर गावाच्या शाळेला मूल देत नाही आणि वाण्याला गिऱ्हाईक देत नाही. उलट स्थानिक तरुणाच्या आवाक्यापलीकडे किमती मात्र नेऊन ठेवते. हे ब्रिटिशांना ठाऊक नाही असे नव्हे. त्यांनी ते स्वतःच्या अंगणात पाहिले आहे. डिसेंबर १९७९ पासून नव्वदीच्या आरंभापर्यंत वेल्समध्ये इंग्रजांची सुटीतील घरे जाळण्याचे सत्र चालले. ते निंद्यच होते. तथापि त्यामागील दुखणे खरे होते. एप्रिल २०२३ पासून तेथील स्थानिक संस्थांना अशा घरांवर नेहमीच्या कराखेरीज ३०० टक्क्यांपर्यंत अधिभार लावण्याचा अधिकार मिळाला आहे. कॉर्नवॉलमधील सेंट आयव्हज या किनारी गावाने २०१६ मध्ये मतदान घेऊन नवी घरे केवळ कायम राहणाऱ्यांसाठीच असावीत असा निर्णय केला. स्वित्झर्लंडने ११ मार्च २०१२ च्या जनमतात, निसटत्या ५०.६ टक्के मतांनी का होईना, कोणत्याही गावात अशी घरे २० टक्क्यांहून अधिक नसावीत असे ठरविले.

तथापि वेल्सचा किनारा आणि दोर्दोन्यचे आडरान यांना एकच माप लावणे चुकीचे ठरेल. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समधील खेडी शहरांकडे वाहून गेली. मागे राहिलेल्या ओस घरांना स्थानिक गिऱ्हाईकच नव्हते. ब्रिटिशांनी त्यांपैकी कितीतरी घरे पडझडीतून वाचविली, गवंडी-सुतारांना काम दिले. एमे गावात तर क्रिकेटचा संघही उभा राहिला. फ्रेंच शेतकऱ्याला त्या खेळाचा अर्थ कितपत लागला असेल ते अलाहिदा. अशा गावाला घरमालकाच्या मुक्कामाचे दिवस घटण्यात लाभ कोणता?

म्हणूनच प्रश्न पारपत्राचा नसून दिवसांचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी युरोपीय संघाबाहेरील अनिवासी खरेदीदारांवर घराच्या किमतीच्या १०० टक्क्यांपर्यंत कर बसविण्याचा प्रस्ताव मांडला. टाळ्या मिळविण्यास तो उत्तम आहे; पण माद्रिदच्या धनिकाचे किनाऱ्यावरील बंद घर मँचेस्टरच्या माणसाच्या बंद घरापेक्षा कमी अंधारे नसते. फ्रान्सची पद्धत याहून शहाणपणाची दिसते. २०२३ पासून राहत्या घरांवरील निवासकर तेथे पूर्ण रद्द झाला, सुटीच्या घरांवर मात्र कायम राहिला. आणि जेथे घरांची टंचाई आहे तेथील नगरपालिकांना त्यावर ६० टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो. मालक पॅरिसचा की लंडनचा, हे तेथे कोणी विचारीत नाही.

डेन्मार्कने वेगळा मार्ग धरला. जर्मन पैसा आपला सारा किनारा विकत घेईल या भीतीने त्या चिमुकल्या देशाने १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारातच सुटीच्या घरांविषयीचे आपले कायदे राखून ठेवण्याची मुभा मिळविली. जर्मन कुटुंबे तरीही मोटारी घेऊन युटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर जातातच. घर आठवड्याच्या भाड्याने घेतात आणि किल्ली परत करून निघतात. प्रवासाचा आनंद मालकीवाचून अडत नाही, एवढे त्यावरून दिसते.

परंतु ज्यांची घरे आहेत, त्यांचे काय? डिसेंबर २०२३ मध्ये फ्रेंच संसदेने ब्रिटिश घरमालकांना दीर्घ मुक्कामाचा परवाना आपोआप मिळावा असे कलम स्थलांतराच्या कायद्यात घुसविले होते. २५ जानेवारी २०२४ रोजी घटना परिषदेने ते रद्द केले, पण ते मूळ विधेयकाशी असंबद्ध म्हणून. त्यातील आशय घटनाबाह्य म्हणून नव्हे. तेव्हा स्वतंत्र कायदा आणण्यास आडकाठी नाही. तो आणावयाचाच झाला तर सर्व ब्रिटिशांना सरसकट सवलत देणारा नसावा. ज्या गावांत घरे ओस पडत आहेत तेवढ्यांपुरताच तो असावा, आणि तेथे घर असलेल्या मोरोक्कन वा भारतीय माणसालाही तो त्याच अटींवर लागू व्हावा.