दोन जोडपी, एक रस्ता

(द्वितीय वर्ष कला)

शाळेत असताना 'प्रवासाचे फायदे' या विषयावर मी तीनदा निबंध लिहिला आणि तिन्ही वेळा चांगले गुण मिळवले. प्रवासाने दृष्टी विशाल होते, माणूस चतुर होतो, वगैरे सगळे त्यात होते. तोवर मी स्वतः कल्याणच्या पलीकडे गेले नव्हते. प्रवास न करता प्रवासावर निबंध लिहिता येतो, हे आपल्या शिक्षणाचे एक वैशिष्ट्यच म्हणायला हवे!

तो निबंध पुन्हा आठवला तो गेल्या डिसेंबरात. वैशाखरे गावाजवळ आमचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर होते. दुपारी श्रमदान आटोपून आम्ही मुली हापशीवर हातपाय धूत होतो. तेवढ्यात टोकावड्याच्या बाजूने दोन सायकली आल्या आणि आमच्यापाशी थांबल्या. एकीवर गृहस्थ, दुसरीवर बाई. दोघेही पंचेचाळिशीच्या आसपासचे. सायकलींना दोन्ही बाजूंनी पिशव्या बांधलेल्या, तोंडे उन्हाने रापलेली. त्यांनी पिण्यासाठी पाणी मागितले. नवरा-बायको होते, पुण्याचे. ते बँकेत नोकरीला, त्या शाळेत शिक्षिका. शिल्लक रजा काढून दोघे बाहेर पडले होते. रत्नागिरीपर्यंत रेल्वेने, आणि तिथून पुढे सायकलीने कोकण किनाऱ्याने वर वर.

मध्ये खाड्या आडव्या येतात, त्या त्यांनी बोटीने ओलांडल्या. जयगडहून तवसाळ, धोपाव्याहून दाभोळ, वेशवीहून बागमांडला, दिघीहून आगरदांडा आणि शेवटी रेवसहून करंजा. वाटेत हर्णैला सुवर्णदुर्ग पाहिला, राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्यात गेले, थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी-उंदेरी पाहिले. आता माळशेज चढून जुन्नरमार्गे घरी जायचे होते. "एवढं कशासाठी हो फिरलात?" असे आमच्यातल्या एकीने विचारले. बाई म्हणाल्या, "बघायला."

मग त्यांनी समोरच्या कड्याकडे बोट केले आणि मला विचारले, "त्या डोंगराला पायऱ्या दिसतात का?" मी जन्मापासून तो डोंगर पाहत आले आहे. पायऱ्या त्या दिवशी पहिल्यांदा दिसल्या. एकावर एक आडवे थर, मध्ये गवताच्या पट्ट्या. बाई म्हणाल्या, "यातला प्रत्येक थर म्हणजे एकेकदा वाहून आलेला लाव्हा. तुम्ही ज्वालामुखीवर बसून भाकरी खाता आहात!"

ती दोघे निघून गेल्यावर आमच्यात हशा पिकला. कोणी म्हणाले, म्हातारपणी मधुचंद्र! स्वयंपाकाला मदत करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "घरी कामधंदा नाय काय यांना? बाईमाणूस असं रस्त्यानं सायकल हाणत फिरतंय!" त्या हसण्यात मीही होते. हे कबूल केल्याशिवाय पुढचे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी त्याच रस्त्याने एक ट्रक कल्याणच्या दिशेने गेला. त्यात कातकऱ्यांची पाच-सहा कुटुंबे होती. हंडे, गोधड्यांची गाठोडी, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या, आणि आयांच्या मांडीवर पोरे. भातझोडणी संपली म्हणजे वीटभट्टीवर जायचे, ते पावसाच्या तोंडाशी परत यायचे. त्यातही नवरा-बायकोच होते. त्यांचाही हिवाळ्यातला प्रवासच होता. पण त्यांच्याकडे पाहून कोणी हसले नाही, की कोणी "कुठे निघालात?" असे विचारले नाही. आम्हाला ते सवयीचे होते.

रात्री शेकोटीजवळ बसले असताना ही दोन जोडपी माझ्या डोक्यातून जाईनात. सवयीच्या गोष्टीचे आपल्याला काही वाटत नाही आणि सवय नसलेल्या गोष्टीला आपण हसतो. जोडप्याने कष्टासाठी घर सोडले तर ती रीत. त्याच जोडप्याने आनंदासाठी घर सोडले तर तो थिल्लरपणा! हा न्याय मला पटत नाही. नवरा-बायकोने मिळून नुसते 'बघायला' जाणे ही चैन नसून माणसाचा साधा हक्क आहे, असे माझे मत आहे. ते मांडण्यासाठीच हा लेख.

आधी बघण्यासारखे आहे तरी काय, ते सांगते. बाईंचे बोलणे मी कॉलेजच्या ग्रंथालयात तपासून पाहिले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. आपल्या चित्रातला ज्वालामुखी म्हणजे शेंड्यातून धूर निघणारा डोंगर. इथे तसे झाले नाही. लाव्हा पुरासारखा पसरला, थिजला, त्यावर दुसरा आला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख या काळ्या दगडाखाली आहे. शास्त्रज्ञ त्याला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, आणि 'ट्रॅप' हे नाव पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले. आपला सिद्धगड, गोरखगड, मच्छिंद्रगड, नाणेघाटाचा नानाचा अंगठा, सगळे या पायऱ्यांचेच. पुष्कळ शास्त्रज्ञांच्या मते ज्या उष्ण प्रवाहाने हा लाव्हा वर आणला, तो आज हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. म्हणजे तिथला लाव्हा आणि आपल्या जात्याचा दगड हे एका घरचे.

कोकणकिनाऱ्याची घारापुरी, खांदेरी यांसारखी बेटे याच काळ्या दगडाची. ती म्हणजे वेगवेगळे ज्वालामुखी नव्हेत. लाव्ह्याच्या त्या अफाट पठाराचे समुद्राने कापून वेगळे केलेले तुकडे आहेत. आजची मुंबई ज्या सात बेटांची झाली तीही त्यातलीच. खांदेरीवर १६७९ साली शिवाजी महाराजांनी इंग्रजांच्या आणि सिद्दीच्या नाकावर टिच्चून किल्ला बांधायला घेतला. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत सुवर्णदुर्ग आणि खांदेरी आहेत. युरोपातले लोक हिवाळ्यात कॅनरी बेटांवर जातात, या बेटावरून त्या बेटावर बोटीने जाऊन थिजलेला लाव्हा पाहतात. त्यांतल्या ला पाल्मा बेटावर २०२१ साली उद्रेक झाला, तेव्हा लाव्ह्याखाली घरेच्या घरे गेली. आपला लाव्हा गरीब स्वभावाचा. तो कधीच थंड झाला आणि आपण त्यावर नाचणी-वरी पेरली.

मी हे सगळे आईला सांगितले. ती सुपात तांदूळ पाखडत होती. हात न थांबवता तिने विचारले, "मंग आता इझलाय ना?" मी म्हटले, हो. "मंग झालं तर," ती म्हणाली.

आईला मी हसले, पण नंतर वाईट वाटले. माझी आई वडिलांबरोबर आजवर दोनच ठिकाणी गेली आहे. एक कल्याणचा दवाखाना आणि दुसरी म्हशाची जत्रा. जत्रेतही दोघे बरोबर नसतात. वडील बैलबाजारात आणि आई भांडी-घोंगड्यांच्या दुकानांपाशी. परतीच्या एस.टी.पाशी भेट होते. पंचवीस वर्षांच्या संसारात दोघांनी शेजारी उभे राहून एखादी गोष्ट नुसती पाहिली आहे, असे एकदाही घडलेले नाही. यात भांडण नाही की दुःख नाही. तसे कधी कोणाच्या मनातच आलेले नाही.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला पैशाचा. तो खरा आहे, पण पूर्ण खरा नाही. खाडी ओलांडायला बोटीत माणसाचे भाडे फारसे पडत नाही. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे. आमच्याकडे हळदीला डी.जे. आणायला पैसे निघतात. आईवडिलांना एक दिवस समुद्र दाखवायला निघत नाहीत, ही गोष्ट केवळ गरिबीची म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. शेतकऱ्याला रजा नसते. पण हिवाळ्यात भात घरात आल्यावर, दुबार पीक नसलेल्या शेतकऱ्याला दोन दिवस निघतात. म्हशाची जत्रा त्याच दिवसांत भरते, हा काही योगायोग नसावा.

तिसरा आक्षेप सगळ्यात मोठा : लोक काय म्हणतील? इथे मला न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई आठवतात. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचे पुस्तक १९१० साली निघाले. त्या नवऱ्याकडून लिहायला-वाचायला शिकल्या, त्यांच्याबरोबर फिरतीवर गेल्या, आणि त्यासाठी घरातल्या बायकांची बोलणी त्यांनी खाल्ली. त्या बोलणाऱ्या बायकांची नावे आज कोणाला ठाऊक आहेत? आणखी जुना दाखला हवा असेल तर नाणेघाटाच्या लेण्यात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती कोरल्या होत्या. मूर्ती आता उरल्या नाहीत, पण वरची ब्राह्मी नावे आहेत. त्यात राजा सातकर्णी आणि राणी नागनिका यांची नावे एकत्र आहेत, आणि आधी नाव आहे राणीचे! कल्याणहून जुन्नरकडे जाणारे वाटसरू त्या जोडप्यासमोरून जात होते. आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी एका बाईला नवऱ्याबरोबर सायकलीवर पाहून आम्ही हसलो.

आता दुसऱ्या जोडप्याविषयी. त्यांना 'फिरा, आनंद घ्या' असा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होईल. चौथीपर्यंत माझ्या बाकावर शेजारी एक कातकरी मुलगी बसायची. चित्रे सुरेख काढायची. दिवाळीच्या सुटीनंतर दर वर्षी तिची जागा रिकामी असायची, पावसाळ्यात पुन्हा भरायची. पाचवीला ती आलीच नाही. बाईंनी हजेरीत नाव काही दिवस पुकारले, मग सोडून दिले. ती हिवाळ्यात कुठे जाते हे मी तिला कधी विचारले नाही. रानातला कोणता कंद कधी काढायचा, कोणत्या ओहोळात खेकडे मिळतात, हे तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक होते. म्हणजे बघण्याची दृष्टी तिच्याकडे होती. फक्त कुठे जायचे हे ठरवण्याची मुभा तिच्या घरात कोणालाच नव्हती. ते पावसाळ्यात घेतलेल्या उचलीने आधीच ठरलेले असायचे. वेठबिगार बंद करणारा कायदा १९७६ सालचा. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने सर्वांच्या आधी, १९७७ साली केला. गावात हिवाळ्याचे काम आणि त्याची वेळेवर मजुरी मिळाली तर तो ट्रक कशाला भरेल? प्रवास आणि स्थलांतर यांत अंतर किलोमीटरचे नसते. कधी निघायचे आणि कधी परतायचे, हे ज्याचे त्याला ठरवता येते की नाही, एवढेच अंतर असते. म्हणून फिरण्याच्या हक्काची गोष्ट मजुरीच्या हक्कापाशी येऊन थांबते, असे मला वाटते. पहिल्या जोडप्याला हसू नये आणि दुसऱ्याला सवयीने विसरू नये.

शेवटी कॉलेजला एक सूचना. आपली वार्षिक सहल या वेळी घारापुरीला न्यावी. मुंबईला गेटवेवरून बोट सुटते, सोमवार तेवढा टाळावा, त्या दिवशी लेणी बंद असतात. १९८७ साली जागतिक वारसा ठरलेल्या या बेटावर वीज पोचली ती २०१८ साली, समुद्राखालून केबल टाकून. समोर मुंबईचा झगमगाट आणि बेटावर अंधार, हे इतकी वर्षे चालले. ज्यांचे आईवडील उंबऱ्याबाहेर फारसे पडलेले नाहीत, त्या प्रत्येक विद्यार्थ्याने त्यांना बरोबर आणावे. तिथे लाव्ह्याच्या काळ्या दगडात शंकर-पार्वतीचे लग्न कोरले आहे. दुसऱ्या एका शिल्पात ती दोघे कैलासावर सोंगट्यांचा डाव मांडून बसली आहेत. देवांनासुद्धा संसारातून एवढी फुरसत मिळाली, हे माझ्या आईने पाहावे अशी माझी इच्छा आहे. भूगोलाच्या सरांनी खडक समजावून सांगावा, इतिहासाच्या बाईंनी लेणी. आणि जमेल तेव्हा आपण मुलामुलींनी सायकली काढून त्या पाच खाड्याही ओलांडाव्यात.

वडिलांपाशी मी घारापुरीची गोष्ट काढली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढी लग्नसराई जाऊ दे, मग बघू."

'बघू' हा शब्द आमच्या घरात आजवर नकारासाठीच वापरला गेला आहे. या वेळी मात्र मी तो शब्दशः घेणार आहे.