आठवीच्या पुढे काय?

एप्रिल संपत आला, निकालाचे कागद हाती पडले, की गिरगावापासून लालबाग-परळपर्यंतच्या चाळींतून, आणि आता चाळी पाडून उभ्या राहिलेल्या पुनर्वसनाच्या इमारतींतूनही, दरसाल एकच प्रश्न ऐकू येतो. मूल आठवी पास झाले. आता नववीला घालावयाचे कोठे? ज्याच्या घरी दुकान, दवाखाना किंवा वकिली आहे त्यास हा प्रश्न पडत नाही. तो पडतो इमारतीच्या फाटकावर बारा तास उभ्या राहणाऱ्या पहारेकऱ्यास, सामान पोहोचविणाऱ्या पोऱ्याच्या बापास, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईस. कायद्याने त्यांच्या मुलास आठवीपर्यंत हात धरून आणले आणि नववीच्या दारात तो हात सोडून दिला.

वाचकांस हे ठाऊकच आहे की, २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्यासाठी २००९ साली कायदा झाला व तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांस प्रवेशाच्या वर्गातील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घरांतील मुलांस द्याव्या लागतात. हे सारे चांगलेच झाले. परंतु कायद्याने शिक्षणाची व्याख्या केली ती पहिली ते आठवी. पहिलीच्या मुलास शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीच्या मुलास तीन किलोमीटरच्या आत मिळाली पाहिजे, असे महाराष्ट्राचे नियम सांगतात. नववीच्या मुलासाठी या नियमांत अंतरच लिहिलेले नाही. पंचवीस टक्क्यांच्या जागेवर आठ वर्षे शिकलेल्या मुलाच्या बापास नववीच्या वेळी शाळा पूर्ण फी मागते, आणि कायदा तिच्या बाजूने असतो. ज्या वर्गमित्रांबरोबर आठ वर्षे डबा खाल्ला त्यांचा निरोप घेऊन ते पोर चौदाव्या वर्षी दुसरी शाळा शोधीत फिरते. अशा पोराच्या मनास काय वाटत असेल, हे सचिवालयात बसून कळावयाचे नाही.

असलेली जागा राखण्यासाठीही पालकांस केवढे झगडावे लागले, ते २०२४ साली सर्वांनी पाहिले. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलला. ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला पंचवीस टक्क्यांच्या बंधनातून सूट मिळाली. मुंबईसारख्या दाट वस्तीच्या शहरात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नाही असे ठिकाण शोधूनच काढावे लागेल; म्हणजे नियमाचा अर्थ एवढाच, की गरिबांच्या पोरांनी श्रीमंतांच्या पोरांशेजारी बसू नये. पालक व त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या संस्था मुंबईच्या उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने ६ मे रोजी नियमास स्थगिती दिली व १९ जुलै २०२४ रोजी तो रद्दच केला. या विजयाचे श्रेय पालकांचे आहे, आणि ते त्यांना कोणी मोकळ्या मनाने दिले नाही म्हणून आम्ही येथे देतो. पण जिंकले ते आठवीपर्यंतचेच. नववीची लढाई अद्याप कोणी नीट लढलेलीच नाही.

येथे आम्हांस आमच्याच चळवळीचा इतिहास थोडा उघड्या डोळ्यांनी पाहिला पाहिजे. जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिले, त्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण आधी मागितले. निदान बाराव्या वर्षापर्यंत ते सक्तीचे करा असे सांगितले. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या हायस्कुलांवर व कॉलेजांवर खर्च होतो, आणि रयतेच्या पोरास मुळाक्षरेही मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार होती व ती अक्षरशः खरी होती. सयाजीराव महाराजांनी बडोद्यात १९०६ साली आणि शाहू महाराजांनी करवीरात १९१७ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले ते याच न्यायाने. खुद्द मुंबईत १९२० साली शहरासाठी प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, आणि १९२५ साली महापालिकेने सक्तीचा पहिला प्रयोग केला तो एफ व जी या दोन वॉर्डांत. हे वॉर्ड म्हणजे परळ, लालबाग, दादर, वरळी, गिरणीकामगारांची वस्ती! त्या वेळी महापालिकेचे मत घरभाड्यावर मिळत असे, म्हणजे ज्यांच्या पोरांसाठी ही सक्ती झाली त्यांपैकी बहुतेकांस मतच नव्हते. तरीही ती झाली, कारण मागणी करणारे कोणी तरी होते.

मात्र त्या काळी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला माणूस मास्तर होई, तलाठी होई. गावात त्यास मान मिळे. आज पोलीस शिपायाच्या भरतीस बारावी लागते. झाडू-बादलीच्या कामाच्या जाहिरातीतही दहावी पास असे लिहिलेले आम्ही पाहिले आहे. जो दरवाजा १८८२ साली पहिलीपाशी बंद होता तोच आज नववीपाशी बंद आहे. दरवाजा सरकला, कुलूप मात्र तेच राहिले. तेव्हा प्राथमिकास प्राधान्य, असे फुल्यांचे नाव घेऊन जे अधिकारी आज माध्यमिकाकडे काणाडोळा करतात, त्यांनी फुल्यांचे अर्धेच वाचले आहे. त्यांचा मुद्दा इयत्तेचा नव्हता. ज्याच्या पैशावर शाळा चालते त्याच्या पोरास तिच्यात जागा मिळावी, हा होता.

एका जागेने काय होते, असे कोणी विचारील. परळच्या चाळीत एका खोलीत राहून, पहाटेच्या आधी उठून अभ्यास करणाऱ्या एका मुलास एल्फिन्स्टन हायस्कूल या सरकारी शाळेत जागा मिळाली व तो १९०७ साली मॅट्रिक झाला. ती जागा नसती तर डॉ. आंबेडकरांचे पुढचे सारे कोठून घडते? आणि १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी जो ठराव पास करून घेतला, तो लोकांस पाणवठ्यांपुरताच आठवतो. त्यात सार्वजनिक शाळांचेही नाव होते. दादरच्या ज्या रस्त्यास बोल्यांचे नाव आहे त्या रस्त्याने रोज हजारो माणसे जातात. त्यांतल्या किती जणांस हे ठाऊक आहे, देव जाणे.

आता महापालिकेकडे वळू. १८८८ च्या मुंबई महापालिकेच्या कायद्यात प्राथमिक शाळा चालविणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. माध्यमिक शाळा चालविणे ऐच्छिक. या एका शब्दात सारे दुखणे आहे. महाराष्ट्रात जुनी रचना अशी, की सातवीपर्यंत प्राथमिक व आठवीपासून हायस्कूल. म्हणून महापालिकेच्या शाळा सातवीपाशी थांबत. नव्या कायद्याने आठवी तेवढी मागाहून जोडावी लागली. पुढे माध्यमिक शाळा आहेत, नाहीत असे नाही, पण प्राथमिक शाळांच्या मानाने त्या फारच थोड्या. बाकीची मुले अनुदानित खाजगी शाळांच्या दयेवर.

यावर अधिकाऱ्यांचे ठरलेले उत्तर असे, की वर्गच ओस पडत आहेत, मग नव्या जागा कशास? या उत्तरात थोडे सत्य आहे, ते आम्ही नाकारीत नाही. गिरगावातील व गिरणगावातील कित्येक घरे डोंबिवली-विरारकडे गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बसल्या आणि त्यांच्याबरोबर वस्तीही विस्कटली. परंतु जे राहिले त्यांची पोरे कोठे गेली, हे कोणी विचारतो काय? जी शाळा आठवीपाशी संपते तिच्यात पाचवीतच पोर ठेवावयास बाप तयार नसतो, कारण पुढे रस्ता नाही हे त्यास दिसते. शिडीच्या वरच्या पायऱ्या मोडल्या की माणसे खालच्या पायरीवरही चढत नाहीत. मग पट घटला म्हणून शिक्षक कमी करावयाचे, शिक्षक कमी म्हणून पट आणखी घटावयाचा. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षकांची पदे पटास अशी घट्ट बांधली, की वरच्या वर्गांत विसाच्या खाली पट गेला तर पदच उरू नये. गणिताचा शिक्षक नाही अशी नववी कोणता बाप पसंत करील?

आणि पालकांनी इंग्रजी शाळा धरली म्हणून त्यांस दूषणे देणाऱ्यांच्या मेळ्यात आम्ही नाही. ज्यांच्या स्वतःच्या घरी इंग्रजी तीन पिढ्या मुरली आहे, तेच मराठी शाळांच्या नावाने अश्रू ढाळताना आम्ही पुष्कळ पाहिले. मराठी शाळा जगली पाहिजे. २०१७ पासून मुंबईत मराठीप्रेमी पालकांनी संमेलने भरवून जो आवाज उठविला तो आमचाही आवाज आहे. पण ती जगावयाची तर दहावीपर्यंत शास्त्र, गणित व उत्तम इंग्रजी शिकविणारी म्हणून जगली पाहिजे. गरिबाच्या त्यागावर भाषा जगविण्याचा ठेका कोणी आमच्या आयाबहिणींस देऊ नये. महापालिकेने अलीकडे सीबीएसईच्या शाळा काढल्या, तेव्हा अर्ज इतके आले की सोडत काढावी लागली. म्हणजे महापालिकेची शाळा लोकांस नको आहे, हे म्हणणे खोटे. पुढे नेणारी शाळा लोकांस हवी आहे. शिक्षणाच्या हक्काची सोडत काढावी लागते, ही मात्र लाजेची गोष्ट आहे.

पैसा नाही असे कोणी सांगू नये. २०२५-२६ साली मुंबई महापालिकेचे अंदाजपत्रक सुमारे ७४,४२७ कोटी रुपयांचे होते व शिक्षण विभागाचे सुमारे ३,९५५ कोटींचे. राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च करा, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. तो आकडा आजवर भाषणांतूनच भेटतो. पंचवीस टक्क्यांच्या जागेबद्दल शासनाने शाळांस मुलामागे वर्षाचे १७,६७० रुपये ठरविले व तेही वर्षानुवर्षे थकविले. मग शाळा त्या मुलाकडे कर्जबुडव्याच्या पोरासारखे पाहू लागली तर नवल काय! जागेचेही तेच. गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग महापालिकेस मिळावा असा नियम १९९१ साली होता. २००१ साली तो मोकळ्या जमिनीपुरता आकसला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या बदलावर शिक्कामोर्तब केले. ज्या जमिनीवर मैदाने व शाळा व्हावयाच्या तेथे पन्नास मजली मनोरे उभे आहेत. त्या मनोऱ्यांची फरशी पुसावयास जी बाई जाते, तिची मुलगी नववीची जागा शोधीत आहे.

रात्रशाळांविषयी चार शब्द लिहिल्याखेरीज आम्हांस पुढे जाववत नाही. पाळी संपवून, अंगावरचा कापूस झटकून, दिवसाच्या शाळेच्या बाकांवर बसून मॅट्रिक झालेली एक पिढी या गिरणगावात होऊन गेली. आज त्याच बाकांवर हॉटेलातील पोरे व कचेरीतील शिपाई बसतात. २०१७ च्या मे महिन्यात शासनाने दिवसा अन्यत्र नोकरी करणाऱ्या शिक्षकांस रात्रशाळांतून एका फटक्यात काढले. दुहेरी नोकरीचा हिशेब कागदावर बरोबर असेलही. पण दिवसभर राबून आलेला विद्यार्थी फळ्यासमोर शिक्षकाविना बसला, त्याचा हिशेब कोणी केला नाही. नववीत ज्याची जागा गेली त्याचे शेवटचे आश्रयस्थान रात्रशाळा आहे. तिला पूर्ण वेळेचे शिक्षक, दिवे आणि पोटभर खाणे मिळाले पाहिजे.

आता पालकांनी करावयाचे काय? नुसत्या अर्जविनंत्यांनी हे होणार नाही. २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती सांगितली आहे. फक्त विनाअनुदानित शाळा त्यातून सुटल्या. समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात व एकंदरीत निम्म्या स्त्रिया. महापालिकेच्या शाळेत ही समिती शाळेचा विकास आराखडा करते आणि अनुदानाची मागणी त्या आराखड्यावरून व्हावयाची असते. अनुदानित शाळांत २०१२ च्या दुरुस्तीने तिला सल्ल्यापुरतेच ठेवले, पण सल्ला लेखी देता येतो व त्याची पोच घेता येते. किती पालकांस आपण या समितीवर आहोत हे ठाऊक असते? मुख्याध्यापक वही पुढे करतात, बाई सही करतात, सभा संपते. ही सही यापुढे वाचल्याविना होऊ नये. आराखड्यात नववी-दहावीचे वर्ग, त्यांचे शिक्षक व प्रयोगशाळा यांची मागणी आकड्यांनिशी लिहिली पाहिजे.

दुसरे काम आकड्यांचेच. डी, जी उत्तर, जी दक्षिण व एफ दक्षिण या चार विभागांत यंदा आठवीत किती मुले आहेत आणि बिनफीच्या नववीत किती जागा आहेत, एवढे दोन आकडे माहितीच्या अधिकारात मागावे. २०२२ च्या मार्चात मुदत संपल्यावर महापालिकेचा कारभार कित्येक वर्षे प्रशासकाच्या हाती राहिला. शिक्षण समितीच नव्हती, तेव्हा विचारावे कोणास हाही प्रश्न होता. त्या काळात जे विचारावयाचे राहिले ते आता विचारावे, आणि मत मागावयास जो कोणी दारी येईल त्याच्यापुढे हे दोन आकडे ठेवावे.

सरकारकडे आमची मागणी स्पष्ट आहे. पंचवीस टक्क्यांच्या जागेवर शिकणाऱ्या मुलाचा हक्क दहावीपर्यंत न्यावा व त्याचे पैसे वेळेवर द्यावे. महापालिकेच्या प्रत्येक आठवीस जवळच्या नववीशी बांधून द्यावे, आणि माध्यमिक शिक्षण ऐच्छिक ठेवणारी तरतूद कायद्यातून काढावी. १५ मार्चचा निर्णय मागे घेऊन विषयवार शिक्षक द्यावे.

ज्या पालकांच्या मुलास यंदा नववीची जागा मिळाली नाही, त्यांनी वस्ती, शाळा व मागितलेली फी लिहून आमच्या कचेरीत पत्र द्यावे. मुलाचे नाव छापले जाणार नाही. शाळांचे व फीचे आकडे विभागवार दर अंकी प्रसिद्ध करू, आणि त्या अंकाची एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मेजावर पोहोचविण्याची जबाबदारी आमची.