लाल दिवा विझला नाही तर

रायपूरच्या तेलीबांधा तलावाभोवती संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी होते आणि बाजूच्या जी. ई. रोडवरची वाहने संपता संपत नाहीत. एके काळी धमतरीची छोटी गाडी जिथे थांबत असे, त्या या भागात आता एखादी जुनी अँबेसेडर किंवा फियाट दिसली की लोक वळून बघतात, मुले मोबाइलवर फोटो काढतात. गाडीच्या मालकाला मात्र तेव्हा वेगळीच काळजी असते. सिग्नल सुटला, गाडीने वेग घेतला, तरी हेडलाइट पिवळेच आहेत, हॉर्न घोगरा झाला आहे आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा काही विझत नाही.

घरी आल्यावर निकाल ठरलेला असतो, "बॅटरी गेली." नवी बॅटरी येते. दोन-तीन महिने बरे जातात आणि पुन्हा तेच रडगाणे सुरू होते. बहुतेक वेळा दोष बॅटरीचा नसतोच. तो असतो बॉनेटखाली, इंजिनामागच्या पत्र्यावर बसवलेल्या एका काळ्या डबीत. मिस्तरी लोक तिला कटआउट म्हणतात.

कटआउट हा एक रिले आहे. रिले म्हणजे विजेवर चालणारे स्वीच. लोखंडी गाभ्याभोवती तारेचे वेटोळे असते. त्यातून थोडा प्रवाह गेला की गाभ्याचे चुंबक होते, ते एक पट्टी खाली ओढते आणि पट्टीवरचे पॉइंट जुळून मोठ्या प्रवाहाला वाट मिळते. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास ही युक्ती करून दाखवली. पुढे दूरच्या तारायंत्रांसाठी ती वरदान ठरली. रिले हा शब्दही प्रवासातूनच आला. लांबच्या वाटेवर टप्प्याटप्प्याला दमलेले घोडे सोडून ताजे घोडे जोडत, त्या ताज्या घोड्यांना रिले म्हणत.

जुन्या गाडीत वीज तयार करण्याचे काम डायनमो करतो. इंजिन वेगात असले की तो बॅटरीला चार्ज करतो. इंजिन मंदावले किंवा बंद झाले की त्याचा दाब बॅटरीपेक्षा कमी होतो. अशा वेळी मधली वाट उघडी राहिली, तर वीज उलट्या दिशेने, म्हणजे बॅटरीकडून डायनमोकडे धावेल. घरची पाण्याची मोटर बंद केल्यावर टाकीतले पाणी परत खाली येऊ नये म्हणून पाइपात झडप बसवतात ना? कटआउट ही तशीच झडप आहे. १२ व्होल्टच्या लुकास पद्धतीच्या डबीत ती साधारण १२.७ ते १३.३ व्होल्टला मिटते आणि दाब ११ ते ८.५ व्होल्टच्या दरम्यान उतरला की सुटते. त्याच डबीत शेजारी दुसरे वेटोळे असते, तो रेग्युलेटर. डायनमो जास्त जोर करू लागला की तो सेकंदाला अनेकदा थरथरून त्याला आवर घालतो.

आता लाल दिव्याचा अर्थ लावणे सोपे आहे. चावी फिरवली आणि इंजिन बंद आहे, तर दिवा लागलाच पाहिजे. इंजिन सुरू होऊन वेग वाढला की तो विझला पाहिजे. सिग्नलला उभे असताना तो थोडा मिणमिणला तर डायनमोच्या गाडीत त्यात वावगे काही नाही. वेग घेतल्यावरही तो लागलेला राहिला तर चार्जिंग होत नाही असे समजावे. पण सर्वांत धोक्याची खूण वेगळीच आहे आणि नेमकी तिच्याकडेच दुर्लक्ष होते. इंजिन बंद असताना चावी फिरवूनही दिवा लागलाच नाही, तर दोन शक्यता असतात. एक तर बल्ब गेला असेल, नाहीतर कटआउटचे पॉइंट एकमेकांना चिकटून बसले असतील. पॉइंट चिकटले की उभ्या गाडीतही बॅटरी आपली सारी ताकद डायनमोत ओतत राहते. तारा तापतात, त्यांचे आवरण वितळते, डायनमो जळतो. रात्री पोर्चमध्ये गाडी उभी आहे, वर मुले झोपली आहेत आणि खाली वायरिंग धुमसते आहे, हे चित्र कोणालाही नको असेल. म्हणून या दिव्याची भाषा घरातल्या प्रत्येकाला यावी. मग गाडी आजोबा चालवोत, सून चालवो की नात. बॉनेटखालून जळका वास आला तर पहिले काम एकच, बॅटरीचे टर्मिनल काढणे. जुन्या गाडीला बॅटरी तोडण्याचा स्वीच बसवून घेतला, तर रोज रात्री तो बंद करणे अगदीच सोपे होते.

उलट प्रकारचा बिघाडही असतो. बॅटरीचे पाणी वारंवार आटू लागले, बल्ब पटापट उडू लागले, तर रेग्युलेटर आवर घालत नाही असे समजावे. मे महिन्यात रायपूरचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा जास्तीचे चार्जिंग बॅटरीला फार लवकर संपवते.

आधी तपासा, मग बदला

डबी बदलण्याआधी फॅनबेल्ट पाहावा. तो सैल असेल तर सारा दोष बिचाऱ्या कटआउटवर येतो. मग डायनमोची परीक्षा. त्याच्या डी आणि एफ या दोन्ही तारा काढाव्यात, ती दोन टर्मिनले एका लहान तारेने जोडावीत आणि व्होल्टमीटरचे एक टोक तिथे, दुसरे इंजिनाच्या धातूला लावावे. इंजिनाचा वेग हळूहळू वाढवताना काटा झपाट्याने आणि न अडखळता चढत गेला तर डायनमो चांगला आहे. इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांपर्यंत पुरे. व्होल्ट २० कडे जाऊ लागले की थांबावे, उगाच रेस करू नये.

यानंतर डबीचे झाकण काढावे, अर्थातच बॅटरी सोडवून. पुष्कळदा नुसते काजळलेले पॉइंट साफ केल्याने काम भागते. इथे मात्र एक चूक सर्रास होते. रेग्युलेटरचे पॉइंट कठीण धातूचे असतात, त्यांना बारीक एमरी चालते. कटआउटचे पॉइंट चांदीचे आणि मऊ असतात. त्यांच्यावर एमरी कधीही घासू नये, अगदी बारीक काचकागदाची पट्टी हलकेच ओढावी आणि धूळ स्पिरिटने पुसावी. स्प्रिंग वाकवून व्होल्टेज 'जमवून' देणारे कारागीरही भेटतात. मीटर न लावता स्प्रिंगला हात लावणाऱ्याला गाडीपासून दूर ठेवलेले बरे.

वेटोळे जळले असेल, पॉइंट झिजून खड्डे पडले असतील, तर मात्र डबी बदलावीच. त्या वेळी मिस्तरी हमखास सुचवतो, "काका, डायनमो काढून अल्टरनेटरच टाकू या की." सल्ला चुकीचा नाही. अल्टरनेटरमध्ये उलटा प्रवाह अडवायचे काम डायोड करतात, त्यामुळे कटआउट लागतच नाही. नंतरच्या मॉडेलांत कंपन्यांनी तेच केले. ज्यांची गाडी रोज ट्रॅफिकमध्ये रखडते, रात्री धावते, त्यांनी तो जरूर विचारात घ्यावा. पण आठवड्यातून एकदा तलावापर्यंत फेरी मारणाऱ्या गाडीसाठी वायरिंगची एवढी उलथापालथ कशाला? तिला त्याच बनावटीची चांगली डबी पुरते. जुन्याच डबीत इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवून देण्याचा मधला मार्गही आहे. बाहेरून रूप तेच राहते, पॉइंट झिजण्याचा प्रश्न मिटतो.

इलेक्ट्रॉनिक डबी घेताना अर्थ कोणता आहे हे आधी पाहावे. अँबेसेडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असे. नंतर निगेटिव्ह अर्थ रूढ झाला. मधल्या वर्षांत कोणी काय बदलले असेल सांगता येत नाही, म्हणून पुस्तकावर न जाता प्रत्यक्ष बॅटरी पाहावी. उलट जोडणी झाली तर इलेक्ट्रॉनिक भाग क्षणात जळतो.

बदलण्याचे काम तसे अर्ध्या तासाचे आहे. तारा काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्यावा आणि प्रत्येक तारेला टेपची चिठ्ठी लावावी. तारांचे मूळ रंग इतक्या वर्षांत एकसारखे तपकिरी झालेले असतात. लुकासच्या डबीवर ए, ए-१, एफ, डी, ई अशी अक्षरे असतात. ई म्हणजे अर्थ. ही तार गंजलेल्या स्क्रूवर बसवली तर नवी डबीही जुन्यासारखीच वागेल, म्हणून पत्रा घासून चकचकीत करावा. शेवटी इंजिन सुरू करून बॅटरीवर मीटर लावावा. साधारण १४ व्होल्टच्या आसपास आकडा आला, हेडलाइट लावूनही तो फार ढळला नाही, की काम झाले.

कागदपत्रांचे काय?

एवढा खटाटोप करावा का, असा प्रश्न घरात निघतोच. अँबेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी त्याआधीच बंद झाली होती आणि मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आता जी गाडी अंगणात आहे, ती पुन्हा मिळणार नाही.

पंधरा वर्षांपुढच्या खासगी मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपयांचे झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या नियमांनी वीस वर्षांपुढच्या मोटारीसाठी ते १०,००० रुपये केले. फिटनेसच्या वेळी दिवे आणि हॉर्न पाहिले जातातच, तेव्हा दुबळा कटआउट तिथेही आडवा येतो.

ज्यांच्याकडे छत्तीसगड राज्य होण्यापूर्वीची, मध्य प्रदेशची पाटी लावलेली पन्नास वर्षांपुढची गाडी आहे, त्यांना २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेतली व्हिंटेज नोंदणी घेता येते. तिचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अट अशी की चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. रिलेची डबी बदलणे त्यात मोडत नाही, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण अर्ज करण्याआधी एक गोष्ट घरात बसून ठरवावी. व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते, नेहमीच्या वापरासाठी नाही. भाजी आणायला, नातवंडांना शाळेतून आणायला गाडी हवी असेल, तर साधी नोंदणीच चालू ठेवावी.