केस पेरले, पण पुढची जबाबदारी कुणाची?

गेल्या पावसाळ्यात शनिवार-रविवारला जोडून सुट्टी टाकली आणि मावशीकडे गगनबावड्याला गेलो. बेत एकदम साधा. घाटातलं धुकं, गरम भजी आणि फोनची रेंज येते-जाते, त्यामुळे ऑफिसपासून सुटका!

रात्री साडेदहाला मावसभावाने हलवून उठवलं. "दादा, डोळंच उघडंनात माझं."

दिवा लावून बघतो तर कपाळ आणि पापण्या टम्म सुजलेल्या. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. स्वारी दोन दिवसांपूर्वी शहरात जाऊन हेअर ट्रान्सप्लांट करून आली होती. घरात टोपी घालून वावरत होता आणि सर्दी झालीय म्हणून सांगत होता. मावशी जागी झाली आणि तिचं पहिलं वाक्य, "सोन्यासारखं डोस्कं, कशाला भोकं पाडून घेतलीस रे?"

अंगणात जाऊन रेंज पकडली आणि क्लिनिकला फोन लावला. बंद. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला, उत्तर नाही. गावातल्या डॉक्टरांनी विचारलं, काय काय टोचलं, किती टोचलं, याचा कागद आहे का? कागद होता. पैसे भरल्याची पावती! शेवटी भर पावसात ५५ किलोमीटर गाडी हाणत कोल्हापूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, घाबरू नका. डोक्यात भरलेलं औषध-पाणी खाली उतरतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अशी सूज येते, आपोआप जाते. सकाळी क्लिनिकचं उत्तर आलं, "नॉर्मल आहे सर."

नॉर्मल होतं, मान्य. पण ते आदल्या रात्री आम्हाला कोण सांगणार होतं? आणि नॉर्मल नसतं तर?

हा 'तर' काल्पनिक नाही. मार्च २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाने हेअर ट्रान्सप्लांट करून घेतलं. एका बैठकीत ९ हजारांहून जास्त ग्राफ्ट. नंतर चेहरा सुजला, श्वास लागला आणि तो गेला. तीव्र ॲलर्जीचा संशय डॉक्टरांनी तेव्हा बोलून दाखवला होता. मे २०२२ मध्ये बंगळुरात कन्नड मालिकांत काम करणारी २१ वर्षांची अभिनेत्री चरबी काढायच्या शस्त्रक्रियेनंतर गेली. तिने आई-वडिलांना आधी सांगितलंच नव्हतं.

अशा बातमीवर आपली प्रतिक्रिया ठरलेली. "कुणी सांगितलं होतं नसते उद्योग करायला?" मंडळी, माझं भांडण या वाक्याशी आहे. या वाक्यामुळे लोक लपवून जातात, एकटे जातात, सूज आली तरी टोपीखाली झाकतात आणि तक्रार तर करतच नाहीत. फायदा कुणाचा? क्लिनिकचा. हौस हा गुन्हा नाही. हौसेने कुणी डोंगर चढतो, कुणी बुलेट घेतो. त्यांचा अपघात झाला तर आपण त्यांना दवाखान्यात नेतो, प्रवचन देत नाही.

दुसरं आवडतं वाक्य म्हणजे "एवढंसं तर आहे, नुसती जागा बधिर करतात." आता जरा हिशोब करू. बधिर करायचं लिग्नोकेन ॲड्रेनॅलिनसोबत दिलं तर साधारण मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ७ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम. २ टक्क्यांच्या औषधात एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम असतं, म्हणजे २१ मिलिलिटरला मर्यादा संपली. मी भावाला विचारलं, तुझं वजन केलं का रे त्यांनी? "नाही." चरबी काढताना तर औषध खूप पातळ करून भरपूर भरतात आणि त्याची रक्तातली पातळी काही तासांनी, बहुधा पेशंट घरी पोचल्यावर शिखर गाठते. घर जर गगनबावड्यात असेल आणि मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं असेल, तर करा कल्पना.

आमच्या धंद्यात शुक्रवारी संध्याकाळी नवा कोड टाकून, रोलबॅकची सोय न ठेवता, फोन बंद करून घरी गेलात तर सोमवारी नोकरी जाते. इथे माणूस टाकतात.

मग म्हणाल, नियम नाहीत का? आहेत की. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट केलं की यूट्यूब बघून किंवा कार्यशाळेला बसून हेअर ट्रान्सप्लांट करण्याइतकं प्रशिक्षण होत नाही. (हे लिहून सांगावं लागलं, यातच सगळं आलं!) पण महाराष्ट्रातला नोंदणीचा कायदा १९४९ चा आणि तो शुश्रूषागृहांसाठी. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपण स्वीकारलेला नाही. सकाळी खुर्चीत बसवून संध्याकाळी घरी पाठवणारी खोली या फटीत आरामात मावते.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने २००० साली एक साधी गोष्ट केली. डॉक्टरच्या ऑफिसातल्या शस्त्रक्रियेत मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत झाली तर कळवणं सक्तीचं. त्यातून दिसलं की कॉस्मेटिक शस्त्रक्रियांतले मृत्यू मुख्यतः पूर्ण भूल देऊन केलेल्या कामांत होते, आणि बोर्डाचं प्रमाणपत्र असलेल्या डॉक्टरांकडेही होते. म्हणजे भिंतीवरची डिग्री पुरेशी नाही, खोलीची तयारीही बघावी लागते. आपल्याकडे अशी सक्ती नाही. बग नोंदवायचेच नाहीत आणि मग म्हणायचं, सिस्टिम एकदम स्टेबल!

माझी मागणी दोनच गोष्टींची. सुई-कात्री चालणाऱ्या प्रत्येक खोलीची नोंदणी आणि प्रत्येक गंभीर घटनेची सक्तीची नोंद. हे होईपर्यंत पैसे भरायच्या आधी एवढं विचारा: टोचणार कोण, डॉक्टर की मदतनीस? वजन आणि ॲलर्जी कागदावर लिहिली का? ॲड्रेनॅलिन आणि ऑक्सिजन या खोलीत आहे का, दाखवा. गडबड झाली तर कुठल्या रुग्णालयात नेणार? रात्री अकराला फोन कोण उचलणार? यातल्या एकाही प्रश्नावर समोरचा हसला, तर उठा आणि चालू पडा.

आणि जाताना घरी सांगून जा. मावशी बोलेल, बोलू दे. त्या रात्री गाडीत भावाचं सुजलेलं डोकं मांडीवर घेऊन तीच बसली होती.