नोंद नाही म्हणजे रोग नाही काय?

बंगळूरच्या येलहंका भागात राष्ट्रीय पशुरोग साथशास्त्र व रोगमाहिती संस्था आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने 1987 मध्ये पशुरोगांवर देखरेख ठेवण्यासाठी जी समन्वित योजना सुरू केली, तिचे 2000 मध्ये स्वतंत्र प्रकल्प संचालनालय झाले आणि 2013 मध्ये त्याला आजचे रूप व नाव मिळाले. देशातील कोणत्या जिल्ह्यात पुढील दोन महिन्यांत घटसर्प, फऱ्या, फाशी, लाळ्या-खुरकूत यांपैकी कोणता रोग उद्भवण्याचा धोका आहे, याचा अंदाज ही संस्था दरमहा प्रसिद्ध करते. पाऊस, उष्णतामान, हवेतील आर्द्रता, जमिनीवरील हिरवळ, जनावरांची दाटी आणि मागील अनेक वर्षांच्या रोगनोंदी यांचे गणित मांडून हे जिल्हावार नकाशे तयार होतात.

या कामाबद्दल दोन चुकीच्या भूमिका प्रचलित आहेत आणि दोहोंशीही झगडणे आवश्यक आहे. पहिली भूमिका राज्यकर्त्यांची. नकाशा संगणकावर उमटला, जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला अडकवला, की पशुरोगांचा प्रश्न जवळजवळ सुटला, असा देखावा ते उभा करतात. दुसरी भूमिका आपल्याच चळवळीतील काही कार्यकर्त्यांची. हा सारा नोकरशाहीचा खेळ असून शेतकऱ्याच्या गोठ्याशी त्याचा काही संबंध नाही, असे म्हणून ते नकाशाकडे पाठ फिरवतात. पहिली भूमिका लबाडीची आहे, दुसरी आळसाची. दोहोंचा परिणाम मात्र एकच होतो : नकाशा कोणाच्या हाती असावा आणि त्यात काय भरले जावे, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

नकाशात रंग भरला जातो तो मुळात कोठून येतो? एखाद्या गावात गाय आजारी पडते, पशुपालक दवाखान्यात जातो, तेथे पशुधन विकास अधिकारी हजर असतो, तो रोग ओळखतो, नमुना प्रयोगशाळेकडे धाडतो, नोंद करतो आणि ती नोंद तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्या चढत वर पोचते. यातील एक कडी जरी तुटली तरी त्या गावाची जागा नकाशावर कोरी राहते. ही कोरी जागा पाहून अधिकारी म्हणतो, येथे रोग नाही. वस्तुतः त्याने एवढेच म्हणायला हवे की, येथून रोगाची नोंद आलेली नाही. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि त्या अंतरात गरीब शेतकऱ्याची जनावरे मरतात.

राष्ट्रीय कृषी आयोगाने 1976 मध्ये दर पाच हजार पशुघटकांमागे एक पशुवैद्यक असावा अशी शिफारस केली होती. 2019 च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात गाई-बैल सुमारे 19 कोटी 25 लाख आणि म्हशी सुमारे 10 कोटी 98 लाख आहेत. केवळ एवढीच जनावरे हिशेबात धरली तरी साठ हजारांहून अधिक पशुवैद्यक प्रत्यक्ष सेवेत लागतील, शेळ्या-मेंढ्या त्याखेरीज. ज्या दवाखान्याला महिनोन्‌महिने डॉक्टर नाही, जेथे एका अधिकाऱ्याकडे दोन-तीन दवाखान्यांचा भार आहे, तेथून कसली नोंद येणार? पद रिक्त ठेवून सरकार पगार वाचवते, आणि त्याच रिक्त पदामुळे रोगाचे आकडेही आपोआप कमी दिसतात. हा दुहेरी लाभ कोणत्याही काटकसरीच्या सरकारला मोह पाडणाराच आहे.

नोंद न होण्याचे दुसरे कारण पशुपालकाच्या परिस्थितीत आहे. जनावरांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या 2009 च्या केंद्रीय कायद्याने अनुसूचित रोगाचा संशय येताच ग्रामपंचायतीला वा गावच्या अधिकाऱ्याला कळवणे मालकावर बंधनकारक केले आहे. पण कळवल्यावर त्याच्या वाट्याला काय येते? बाजार बंद होतो, जनावर विकता येत नाही, दूध घेणारा कुरकूर करतो, शेजारी तोंड फिरवतो. दोन गाईंच्या दुधावर मुलांच्या वह्या आणि सोसायटीचा हप्ता भागवणाऱ्या कुटुंबाने अशा वेळी गप्प राहणे पसंत केले, तर तो अडाणीपणा नव्हे. तो त्याच्यावर लादलेला हिशेब आहे. कर्तव्य एकट्या गरिबावर आणि नुकसानही एकट्या गरिबावर, अशा कायद्याने खरी नोंद कधीच मिळणार नाही. 1866 मध्ये गुरांच्या साथीने हादरलेल्या ब्रिटनच्या पार्लमेंटने रोगी जनावरे मारण्याचा कायदा केला तेव्हा त्यात भरपाईचीही तरतूद केली, कारण त्या पार्लमेंटात जमीनदार बसलेले होते. स्वतःच्या गुरांची किंमत त्यांना चांगली ठाऊक होती!

याच बंगळूरच्या परिसराचे उदाहरण घ्या. हेब्बाळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, कर्नाटक सरकारची लसनिर्मिती संस्था आहे, भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेचे केंद्र आहे. असे असतानाही 2013 मध्ये लाळ्या-खुरकुताची भीषण साथ कोलार, चिक्कबळ्ळापूर आणि बंगळूर ग्रामीण या जिल्ह्यांत, म्हणजे या संस्थांपासून तास-दोन तासांच्या अंतरावर, थैमान घालून गेली आणि हजारो जनावरे दगावली. ज्ञान हेब्बाळला होते, गाय कोलारला होती. त्या दोहोंना जोडणारी यंत्रणा तोकडी पडली.

2019 मध्ये ओडिशात प्रथम आढळलेला लम्पी त्वचारोग 2022 मध्ये गुजरात-राजस्थानातून देशभर पसरला. त्या वर्षी सरकारी आकड्यांनुसारच दीड लाखाहून अधिक जनावरे मेली. महाराष्ट्रात ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यात रोग दिसला आणि पुढच्याच महिन्यात संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र ठरवून जनावरांचे बाजार बंद करावे लागले. डास, माश्या आणि गोचिडांमार्फत पसरणाऱ्या या रोगाला निपाणी, चिकोडी, कागल यांच्यामधली राज्याची सीमा ठाऊक नाही. मात्र नोंदी दोन राज्यांच्या दोन कचेऱ्यांत जातात. त्याच सीमाभागात दर हंगामात बीड आणि मराठवाड्याच्या अन्य जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार बैलगाड्या घेऊन येतात. कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांच्या उसाचा किलो-किलो मोजला जातो. त्यांचे बैल कोणत्या वाटेने आले, कोठे मुक्काम केला, त्यांना लस टोचली होती काय, याची नोंद तितक्याच काटेकोरपणे कोण ठेवतो? बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. संपूर्ण जिल्ह्याला एकच रंग देणारा नकाशा या स्थलांतराबद्दल काय सांगणार?

त्या साथीत एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी घडली. मृत दुभत्या जनावरामागे 30 हजार, बैलामागे 25 हजार आणि वासरामागे 16 हजार रुपये देण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारला घ्यावा लागला. बाजारभावाच्या मानाने ही रक्कम अपुरी होती. तरीही मृत्यूची नोंद करण्यात पशुपालकाचा स्वार्थ निर्माण झाला, हे महत्त्वाचे. भरपाई ही दया नव्हे. ती साथनियंत्रणाचे हत्यार आहे. साथीच्या वर्षी सरकारच्या मर्जीने मिळणारी मदत आणि कायद्याने मिळणारा हक्क यांतील फरक म्हणूनच आपण स्पष्ट केला पाहिजे.

आपल्या देशाला हे जमत नाही असे नाही. बुळकांडीचा इतिहास पाहा. याच रोगाच्या धास्तीने साम्राज्यशाहीने 1889 मध्ये पुण्यात जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन केली आणि 1893 मध्ये ती मुक्तेश्वरला हलवली. स्वतंत्र भारताने 1954 मध्ये देशव्यापी निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला. शेवटच्या टप्प्यात केवळ लस टोचून कोणी थांबले नाही. गावोगाव फिरून रोग शोधण्यात आला, गुरे नेण्याचे मार्ग तपासण्यात आले, दवाखान्यांच्या रोजनिशा चाळण्यात आल्या, रक्तजलाचे नमुने घेण्यात आले. कोरी जागा म्हणजे रोगमुक्त जागा असे गृहीत न धरता ती खरोखरच रोगमुक्त आहे हे सिद्ध करावे लागले. 1995 नंतर भारतात बुळकांडी आढळली नाही. 2006 मध्ये देश संसर्गमुक्त ठरला आणि 2011 मध्ये सारे जग. हे यश सरकारी नोकरीतील पशुवैद्यक, पर्यवेक्षक आणि लस टोचणाऱ्या हजारो अनाम कर्मचाऱ्यांचे आहे.

आज त्याच कामाची कशी वासलात लागली आहे? सप्टेंबर 2019 मध्ये मथुरेत 13,343 कोटी रुपयांचा लाळ्या-खुरकूत व सांसर्गिक गर्भपात नियंत्रण कार्यक्रम गाजावाजाने जाहीर झाला. 2030 पर्यंत लाळ्या-खुरकुताच्या निर्मूलनाचे उद्दिष्टही ठरले. पण गोठ्यात जाऊन सुई टोचणाऱ्या माणसाला बहुतेक ठिकाणी कायम नोकरी नाही. डोसामागे मोजकी रक्कम घेऊन तो पळत राहतो. लम्पीवरील स्वदेशी लस हिस्सार आणि इज्जतनगरच्या सार्वजनिक प्रयोगशाळांनी सिद्ध करून ऑगस्ट 2022 मध्ये जाहीर केली. खासगी कंपनीने तयार केलेल्या लसीला विक्रीचा परवाना मिळायला फेब्रुवारी 2025 उजाडला. मधल्या काळात शेळ्यांच्या देवीच्या लसीवर भागवावे लागले. आणि या अवधीत महाराष्ट्र सरकार काय करत होते? सप्टेंबर 2024 मध्ये त्याने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ हा दर्जा दिला. मातेला पदवी मिळाली. तिला तपासणारा डॉक्टर मात्र अजून यायचा आहे.

तेव्हा आपली मागणी नकाशा नको अशी असूच शकत नाही. नकाशा हवा, अधिक बारीक हवा, आणि तो खरा हवा. त्यासाठी पशुवैद्यकीय सेवेतील सर्व रिक्त पदे कायमस्वरूपी भरली पाहिजेत. लसटोचकांना नियमित वेतन मिळाले पाहिजे. अनुसूचित रोगाने मेलेल्या जनावराची बाजारभावाने भरपाई हा कायदेशीर हक्क झाला पाहिजे. धोक्याचा इशारा तालुकावार, मराठीत आणि कन्नडमध्ये, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि दूध संस्थेच्या दारावर लागला पाहिजे. सीमाभागातील दोन्ही राज्यांच्या नोंदी एकत्र झाल्या पाहिजेत आणि साखर कारखान्यांवर येणाऱ्या प्रत्येक बैलाच्या लसीकरणाचा खर्च कारखान्याने उचलला पाहिजे. सार्वजनिक प्रयोगशाळेत जन्मलेली लस सार्वजनिक कारखान्यातच, पुरेशा प्रमाणात तयार झाली पाहिजे.

या मागण्या केवळ निवेदनात लिहून भागणार नाही. किसान सभा आणि शेतमजूर संघटनेच्या प्रत्येक गावशाखेने जनावरांच्या आजाराची व मृत्यूची आपली वही ठेवावी : तारीख, जनावर, लक्षणे, लस कधी टोचली, डॉक्टर आला की नाही. ऊसतोड कामगारांच्या तळांवर हीच वही फिरावी. दर महिन्याला ती सरकारी नोंदीशी ताडून पाहावी आणि जेथे तफावत असेल तेथे ती वही घेऊन तहसील कचेरीवर जावे. राज्यकर्त्यांनी नकाशावर कोऱ्या सोडलेल्या जागा भरणे, हे आपले काम आहे. ते उद्याच्या साथीपूर्वी सुरू झाले पाहिजे.